पल्याडची अठ्ठावीस घरं

बाई, तुम्ही शिकवलेला धावदोरा अजून माझ्या हातात आहे, फक्त सुईत दोरा ओवायला आता चष्मा लागतो, आणि तो चष्मा दर दोन दिवसांनी कुठंतरी चिंध्यांत बुडालेला असतो. तुम्हाला जाऊन वीस वर्षं तरी झाली असतील. इतकी वर्षं मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलत आले आणि माझं तेवढ्यावर भागत होतं. पण परवा एका शाळेची मुलं परभणीला माझ्या घरी आली होती, ऐन चैत्रातल्या दुपारी, घामानं निथळत. भिंतीवर टांगलेल्या वाकळा बघून त्यांच्यातल्या एका चुणचुणीत पोरीनं विचारलं, "आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" आजी! झाले बाई मी आजी. मी मोठ्या तोऱ्यात तुमची गोष्ट सांगायला लागले, दरवेळी सांगते तशी, आणि निम्म्यावर माझी जीभ अडखळली. कारण ती गोष्ट मी जशी सांगते तशी पूर्ण घडलेली नाही, आणि हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. म्हणून आज सकाळची कामं आटोपून हा कागद घेऊन बसले आहे.

आधी खुशाली सांगते. मी बरी आहे, गुडघे सोडले तर. आपण ज्याला चिंध्यांचं काम म्हणायचो त्याला आता लय मोठं नाव आहे. शहरातून माणसं येतात, 'टेक्स्टाइल आर्ट' म्हणतात, टाकाऊ कापडातून हवामान बदलाची जाणीव, असं पत्रिकेवर छापतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आवरेना. मी करते काय, तर मोंढ्याच्या बाजारातले हमाल, रस्त्यावर डांबर टाकणारे, वीटभट्टीवरच्या बाया यांनी उन्हाळाभर डोक्याला बांधलेल्या दस्त्या आणि फडकी मागून आणते. मृग लागल्यावर जाते. तोवर त्या कापडांचा मूळ रंग कुठला हे बांधणाऱ्यालाही आठवत नसतं. मी ती धूत नाही. घामाचे पांढरे डाग तसेच ठेवून एका उन्हाळ्याची एक वाकळ शिवते. चार-पाच उन्हाळे शेजारी शेजारी टांगले की कापड वर्षागणिक कसं जास्त जळत चाललंय ते कुणालाही दिसतं, मला तोंड उघडावं लागत नाही. आमचे हे सुरुवातीला कुरकुरायचे, "सगळं घर मोंढ्यासारखं वासायलंय." आता तेच निवृत्त माणूस पिशवी घेऊन हमालांच्या मागं फिरतात आणि एकेक दस्ती आणून माझ्यापुढं टाकतात, "ही बघ, ही लय भारी जळलीय." एकूण मजेत चाललं आहे.

तुम्ही आमच्या गावात आलात तेव्हा मी सहावीत होते. मानवतहून एसटीनं यायचात, फाट्यावर उतरून शाळेपर्यंत तरातरा चालत यायचात. बुटक्या, सावळ्या, आणि खांद्यावरच्या पदराला ओळीनं सुया टाचलेल्या. आम्ही पोरी तुम्हाला मागून नमस्कार करायला भ्यायचो, टोचेल म्हणून. शिवणकामाचा तास आठवड्यातून दोनदा, आणि त्यातला निम्मा वेळ तुम्ही शिवायला लावायचाच नाहीत. एखादी चिंधी हातात घ्यायची, डोळे मिटायचे, अंगठा आणि बोटात धरून चोळायची, हुंगायची आणि सांगायचं, हे कुणाचं. "हे कापूस वेचणाऱ्या बाईचं. कमरेशी बघा, ओटीच्या गाठीनं झिजलंय." "हा सदरा सायकल चालवणाऱ्याचा." "हे चुलीपाशी बसणारीचं, आणि तिचे डोळे चुरचुरतात, पदराचं टोक पुसून पुसून पातळ झालंय." आम्हाला ती जादू वाटायची. तुम्ही म्हणायचात, "जादू नाही गं, तुम्ही बघत नाही म्हणून." आणि मग आम्ही घरोघर माणसांच्या अंगावरची कापडं टक लावून बघत सुटायचो, त्यापायी मी दोनदा शिव्या खाल्ल्यात.

मी सातवीत असताना तालुक्याचं, म्हणजे पाथरीचं प्रदर्शन आलं. विषय होता झाडं आणि पाणी. हेडमास्तरांच्या मनात होतं की थर्माकोलचा डोंगर करावा आणि त्यावर हिरवा भुसा चिकटवावा. तुम्ही म्हणालात, नवं काही विकत आणायचं नाही, आपण वाकळ करू. हेडमास्तर म्हणाले, "वाकळ? थंडीचं प्रदर्शन आहे का?" पण तुमच्यापुढं त्यांचं काय चाललंय कधी. खाली जुन्या धोतरांचे थर, वर गावाचा नकाशा, अशी ती वाकळ. ओढा शाळेच्या फाटक्या निळ्या स्कर्टांचा. जिथं पाणी जास्त दिवस टिकतं तिथं दाट टाके, आटतं तिथं विरळ. जी झाडं उभी आहेत ती हिरव्या चिंध्यांनी भरायची, आणि जी आपल्या आजोबांनी पाहिली पण आपण पाहिली नाहीत त्यांची नुसती दोऱ्यानं रेघ काढायची, आत कापड नाही. मानवतच्या शिंप्यांकडून तुम्ही चिंध्यांचं गाठोडं आणलंत. त्यात पांढरं, खाकी, निळं भरपूर, हिरवं मोजकंच. मी म्हटलं, बाई, हिरवं कमी पडायलंय. तुम्ही म्हणालात, पडू दे, झाडं तरी कुठं जास्त आहेत. तेव्हा हवामान बदल हा शब्द आमच्या कानावर आला नव्हता. पाऊस पहिल्यासारखा राहिला नाही, एवढंच मोठी माणसं ओसरीवर बसून म्हणायची आणि पान थुंकायची.

आणि घरं. प्रत्येक घर त्याच घरातल्या झिजलेल्या चिंधीचं, हा तुमचा नियम. ज्या घरातून जे कापड आलं ते नकाशात त्या घराच्या जागी बसणार. तुम्ही आम्हा तीस पोरींना गल्ल्या वाटून दिल्यात. ती नामांतराची वर्षं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही यावरून मराठवाडा दुभंगला होता, दुसऱ्या गावांत माणसांची घरं जाळली होती. आमच्या गावात तसलं काही झालं नाही, असं आमची माणसं छाती काढून सांगायची. पण ओढ्याच्या अल्याडचं आणि पल्याडचं बोलणं तुटलं होतं, ते कुणी सांगत नसे. पल्याड बौद्धांची अठ्ठावीस घरं. तिकडच्या बाया पूर्वी आमच्या रानात कापूस वेचायला यायच्या. माझ्या आजोबांनी, आबांनी, त्यांना बोलावणं बंद केलं, का त्यांनीच येणं बंद केलं, यावर दोन्हीकडं दोन मतं होती. तुम्ही पल्याडच्या दोन पोरींना आमची गल्ली दिलीत आणि मला पल्याडची अठ्ठावीस घरं. त्या दोघी आमच्या दारात आल्या. माझ्या मायनं त्यांच्या हातावर चिंधी वरून सोडली, हाताला हात लागू नये अशी. मी आत उभी राहून बघत होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

आबा म्हणाले, "वढ्यापल्याड पाय टाकायचा न्हाई. चिंध्या मागत फिराया आपल्या घरात काय खाया न्हाई का?" विषय संपला. आबांचा शब्द म्हणजे आमच्या घरात दगडावरची रेघ. आता तुम्हाला काय सांगायचं या भीतीनं मी एक डोकं चालवलं. वारलेल्या आजीचं एक इरकली लुगडं ट्रंकेत होतं. ते काढलं आणि टराटरा फाडून त्याचे अठ्ठावीस तुकडे केले. सगळे एकसारखे दिसू नयेत म्हणून काही चहाच्या चोथ्यात उकळले, काहींना हळद फासली, काही चुलीच्या राखेत मळले, दोन तर दगडावर घासून घासून भोकं पाडली. माय आली. "काय करायलीस गं चुलीपाशी?" मी म्हटलं, "शाळंचं हाय." ती म्हणाली, "शाळंत आता राख शिकवायलेत का?" आणि भाकरी थापायला बसली. मला माझ्या हुशारीचा असा काही अभिमान वाटत होता की काय सांगू. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस चिंध्या तुमच्यापुढं ठेवताना मी कुठल्या घरी कोण काय बोललं तेसुद्धा रचून सांगितलं.

तुम्ही ऐकून घेतलंत. हूं हूं करत. एक चिंधी उचलून हुंगलीत, दुसरी उचलून हुंगलीत, आणि म्हणालात, "शाळा सुटल्यावर थांब." शाळा सुटली. वर्गात तुम्ही आणि मी. तुम्ही जमिनीवर मांडी घातलीत आणि त्या चिंध्या एकेक करून मांडायला लागलात. नकाशावर नाही, फरशीवर. एका चिंधीची फाटलेली कड दुसरीच्या कडेला लावून बघायची, नाही जुळली की तिसरी. चहाचीला हळदीची लागली, हळदीचीला राखेची. मी उभी. डांबरगोळ्यांचा वास येतोय हे मलाही तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. हळूहळू माझ्या डोळ्यांदेखत आजीचं लुगडं फरशीवर परत अख्खं झालं, काठाला काठ लागून, ठिकठिकाणी पिवळं-काळं, पण अख्खं. तुम्ही हात झटकलेत. "सुरेख. लुगडं चांगलं होतं आजीचं. आता मला सांग, पल्याडची माणसं कुठं राहतात?"

मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "त्या चिंध्यांवर रडू नकोस, हळद पसरेल." काय बाई होतात तुम्ही! मग जवळ बसवून घेतलंत, आणि आवाज जरा खाली आणून म्हणालात, एक तर प्रत्येक घर त्याच्याच कापडानं बसेल, नाही तर ती बाजू कोरी राहील आणि वाकळ पाथरीला जाणार नाही. तीस पोरींचं महिन्याचं काम तुझ्या हातात आहे. मी म्हटलं, आबा मारतील. तुम्ही म्हणालात, "मारतील कदाचित." खोटा धीर दिला नाहीत. मग विचारलंत, "ओढा आधी कुणाच्या दारात आटतो? तुझ्या की त्यांच्या?" मला माहीत नव्हतं. "मग तेवढं विचारून ये. आणि एक, तिकडं कुणाला नावानं हाक मारायची नाही. तुझ्या आईएवढी असेल तर मावशी म्हणायचं." आमच्याकडं पोरंटोरंसुद्धा पल्याडच्या म्हाताऱ्यांना एकेरी नावानं हाकारायची. त्यामुळं मार खायच्या भीतीपेक्षा हे मावशी म्हणणंच मला जास्त अवघड वाटलं.

घरी मायला सगळं सांगितलं. लुगड्याचं ऐकून तिनं आधी पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग म्हणाली, "जा. आबानं पुसलं तर सांगते बाईनं ठेवून घेतलीय म्हनून." ती कशाला तयार झाली हे मी तिला पुढं कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ओढा उतरले. ओढ्यात पाणी नव्हतंच, वाळूतून चालत गेले. पहिल्याच दारात एक उंच, हाडापेरानं मोठी बाई तुरीच्या शेंगा झोडपत होती. तिनं विचारलं, "कुनाची गं तू?" मी सांगितलं. तिच्या हातातली काठी थांबली.

"आबाला पुसून आलीस?"

"न्हाई."

"मग कुनाच्या जिवावर आलीस?"

"बाईंनी पाठवलं. मावशी, तुमच्या घरातली एक चिंधी पाहिजे."

तिनं काठीच खाली टाकली. "आगं बया! मावशी! आबाची नात मला मावशी म्हनायलीय." आणि अशी खळखळून हसली की आजूबाजूच्या दारांतून माणसं डोकावली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हसणं संपल्यावर तिनं विचारलं, "कामून पायजे चिंधी?" मी सगळं सांगितलं, नकाशा, झाडं, ओढा. ती म्हणाली, "वढ्यात पानी किती काढलंय?" मी म्हटलं, "आमच्याकडून तुमच्या मागपर्यंत दाट टाके घातलेत." "आस्सं? भरून वाहायलाय म्हना की. चल माज्यासंगं."

तिनं मला वस्तीच्या मागं ओढ्यात नेलं. तिथं वाळूत झिरा खणलेला होता, प्यायच्या पाण्याचा खड्डा. मला आधी फक्त एक घागर दिसली. मग दिसलं की खड्ड्यात एक बाई उतरलेली आहे आणि तिचं नुसतं डोकं वर आहे. ती वाटीनं पाणी भरत होती. एक वाटी घागरीत ओतायची, मग पाझरायची वाट बघत बसायचं. मावशी म्हणाली, "मी लगीन होऊन आले तवा हितं कोपरापत्तर हात घातला की पानी लागायचं. थोरल्या पोराच्या येळंला कमरंपत्तर उकराय लागलो. आता बग, मानूस उतरायलाय. वरची आंब्या-चिंचंची रांग तोडून इटभट्टीला घातली, तुमच्या हिरीला इंजन बसलं, तवापून हे असं." तुमच्या हिरीला, म्हणजे आमच्याच. त्या इंजिनाची पूजा झाली तेव्हा मी पेढे वाटले होते.

मग तीच माझ्या पुढं चालायला लागली. प्रत्येक दारात आधी ती ओरडायची, "मावशी म्हनती बरं का, चिंधी द्या हिला." कुणी पोराच्या बंडीचा खिसा दिला, कुणी परकराचा घोळ, कुणी पाळण्याची झालर. एका म्हाताऱ्यानं निळ्या कापडाचा वीतभर तुकडा दिला. "हे मोर्च्यात माज्या खांद्यावर हुतं," म्हणाला, "ह्येला कडंकडंनं नीट शिवा." तुम्ही ते घर चारही बाजूंनी इतक्या बारीक टाक्यांनी शिवलंत की त्याची कड बोटाला लागत नव्हती. झिऱ्याचं ऐकलंत तेव्हा मात्र तुम्ही वाकळ पसरलीत, कात्रीचं टोक घेतलंत आणि पल्याडच्या मागचा सगळा निळा ओढा उसवून टाकलात. दोन दिवसांचं काम. पोरी हळहळल्या. त्या जागी झिरा काढायचा ठरला, गोलात गोल, एका हाताच्या खोलीला एक गोल. मावशीच्या लग्नाच्या वेळचा झिरा एका गोलाचा, तिच्या थोरल्या पोराच्या वेळचा दोन गोलांचा, असं करत आत्ताच्या झिऱ्याला इतके गोल झाले की वाकळेवर ती जागा डोळ्यासारखी दिसायला लागली.

पाथरीला आपल्याला बक्षीस मिळालं नाही. तपासणाऱ्यांना वाकळ कुठं टांगावी हेच कळेना, शेवटी पापडांच्या आणि स्वेटरच्या मधे टांगली. एक साहेब म्हणाले, "काम सुबक आहे, पण यात विज्ञान काय?" तुम्ही म्हणालात, "गोल मोजा, साहेब." त्यांनी खरंच मोजले, मान हलवली आणि थर्माकोलच्या धरणाला पहिला नंबर दिला. परतीच्या एसटीत आम्ही पोरी रडवेल्या झालो होतो आणि तुम्ही खुशाल खिडकीशी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होतात.

पण सव्वीस जानेवारीला ती वाकळ शाळेच्या व्हरांड्यात लावली आणि झेंडावंदनाला आलेलं गाव तिच्यापुढं गोळा झालं. अल्याडचे एका बाजूला, पल्याडचे एका बाजूला. आबाही आले. आबांनी आपलं घर शोधलं, मग त्यांची नजर ओढ्यावरून पल्याड गेली. "हे तिकडचं कुनी आनलं?" ते म्हणाले. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघत नव्हता, मुद्दाम झेंड्याकडं बघत होता. मी म्हटलं, "मी." आबांचा चेहरा लाल झाला, आणि आता हात उठणार असं मला वाटलं. पण तेवढ्यात त्यांचं लक्ष विहिरीपाशी दोऱ्यानं काढलेल्या आंब्याकडं गेलं असावं. ते एकदम म्हणाले, "हे चुकीचं हाय. ह्यो आंबा हिरीच्या अलीकडं हुता."

मागून मावशीचा आवाज आला, "न्हाई मालक. पलीकडं हुता."

त्या दोन बाजूंत दोन-तीन वर्षांत एक शब्द झालेला नव्हता.

आबा म्हणाले, "मला सांगतीस? माज्या बापानं लावलेला आंबा."

"लावला आसंल. सावलीला कोन बसलं? त्येच्या फांदीला लेकराची झोळी बांदून मी तुमचा कापूस येचलाय. सकाळचं ऊन हिरीवर आन् सावली माज्या झोळीवर."

कुणीतरी हसलं. मग आबांच्या बाजूचाच एक जण म्हणाला, ती बरोबर सांगायलीय. दुसरा म्हणाला, छे, आबाच बरोबर. आणि बघता बघता सगळं गाव एका मेलेल्या आंब्यावरून भांडायला लागलं, दोन बाजू राहिल्याच नाहीत, जो तो आपल्या आठवणीच्या बाजूनं. तुम्ही पदराची सुई काढलीत आणि म्हणालात, "ठरवा सगळे मिळून, मी उसवते." शेवटी पाच-पन्नास माणसं त्या सणाच्या दिवशी इस्त्रीच्या कपड्यांत आमच्या रानात गेली खोड शोधायला. मुळ्या सापडल्या, पलीकडंच. आबा गुमान परत आले आणि तुम्हाला म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पलीकडंच." मला त्यांनी मारलं नाही. चार दिवस बोलले नाहीत, आणि पाचव्या दिवशी विचारलं, झिरा खरंच एवढा खोल हाय का.

त्यानंतर काही रामराज्य आलं नाही. नामांतर व्हायला पुढं कितीतरी वर्षं गेली. इंजिन बंद झालं नाही, पण उन्हाळ्यात आबा आठवड्यातले दोन दिवस ते चालवत नसत, आणि का ते कुणाला सांगतही नसत. शाळेनं विहिरीजवळ रोपं लावली, बहुतेक शेळ्यांनी खाल्ली. तीन कडुलिंब जगले. अजून आहेत, मागच्या वर्षी मी त्यांच्या सावलीला बसून आले. माझ्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली आणि तुम्ही चिंध्यांचं एक भलंमोठं गाठोडं दिलंत, सासरची माणसं माझ्या तोंडाकडं बघत राहिली. त्याच गाठोड्यातून मी पहिल्या चार वाकळा शिवल्या. मला या कामानं काय दिलं म्हणून विचारलं तर मी सांगेन, रोज सकाळी उठावंसं वाटणं. ते तुमचं देणं आहे आणि त्याबद्दल मी तुम्हाला हयातीत एकदाही काही म्हटलं नाही, लाजत होते. आता म्हणते. लय सुख दिलंत बाई.

आता ती गोष्ट. मुलांना मी सांगते की अठ्ठावीस दारांत गेले आणि अठ्ठावीस चिंध्या आणल्या. शेवटचं घर राहिलं तेव्हा मावशीनं माझा दंड धरला. "तितं नगं जाऊ. तिच्यापाशी आंगावर हाय तेवढंच पातळ हाय. फाडून मागशील का तिला?" ती बाई दारात बसली होती. आम्ही घरोघर येतोय, हसतोय, हे तिनं सगळं बघितलं होतं आणि ती जरा सावरून बसली होती, आता आपल्याकडं येतील म्हणून. मी पाठ फिरवली आणि ओढा ओलांडून पळत आले. एक चिंधी कमी म्हणजे वाकळ जाणार नाही, एवढंच डोक्यात. वर्गात तुम्ही नव्हतात, हातपाय धुवायला गेला होतात. तुमच्या डब्याचं फडकं खिडकीत वाळत होतं. मी त्याचा कोपरा कापून गठ्ठ्यात घातला.

तुम्ही एकेक चिंधी डोळे मिटून चोळत होता. शेवटची हातात घेतलीत आणि बोटं थांबली. विचारलंत, "ही कुणाची?" मी म्हटलं, "शेवटच्या घराची." "काय म्हणाली ती?" मी म्हटलं, "खुशीनं दिली, बाई." तुम्ही डोळे उघडले नाहीत. तशाच मिटल्या डोळ्यांनी ती चिंधी त्या घराच्या जागी ठेवलीत. स्वतःचं रोजचं फडकं तुम्हाला कळलं नसेल, असं मला तेराव्या वर्षीसुद्धा वाटलं नव्हतं. तुम्ही मला सांभाळून घेतलंत, आणि मी ते चाळीस वर्षं मजेत पांघरून बसले.

फडक्याचं मला काही वाटत नाही. पण तिच्यापाशी द्यायला चिंधी नसली तरी मी त्या दारात जाऊन बसायला पाहिजे होतं. झिरा तुमच्या वेळी किती खोल होता, मावशी, एवढं तिलाही विचारता आलं असतं. त्याला कापड लागत नव्हतं. हा कागद कुठं पाठवणार, इथंच राहील. परवा त्या पोरीलासुद्धा मी शेवटी दारं अठ्ठावीसच सांगितली. सत्तावीस होती, बाई.